उंबऱ्याबाहेरची उपासना

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या पंचवटीत काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष आत जाऊ द्या म्हणत उभे राहिले आणि आतल्यांनी दारे लावून घेतली. कमीअधिक तीव्रतेने हा लढा पुढे काही वर्षे चालला. त्याच पंचवटीत त्या काळी पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधार आश्रम होता. गाणे दरबारातून आणि कोठ्यांवरून उचलून रामापायी वाहावे, या ध्यासात पलुस्करांची अखेरची वर्षे तिथे गेली. आणि याच सुमारास, पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात, देवळांच्या आवारात पिढ्यान्पिढ्या गायलेल्या कलावंत घराण्यांतल्या बायका एकेक करून गाव सोडत होत्या, मुंबई गाठत होत्या. एका समाजाला देवळाचे दार आत शिरण्यासाठी उघडून हवे होते, दुसऱ्या समाजातल्या स्त्रियांना ते बाहेर पडण्यासाठी. मधे उभे असलेले पलुस्कर संगीताला पुन्हा देवापाशी नेत होते. या तीन हालचाली एकत्र ठेवून पाहिल्या म्हणजे एक प्रश्न टाळता येत नाही. देवासमोर गायले जाणारे गाणे देवळाच्या पायऱ्या उतरून तिकिटाच्या मैफलीत आले, तर ती उपासना राहते की नुसता व्यवसाय होतो? माझे म्हणणे असे, की या स्थलांतराने गाण्यातली उपासना संपली नाही. उलट, त्या स्त्रियांच्या बाबतीत ती पहिल्यांदाच शक्य झाली.

मोगूबाई कुर्डीकरांचे आयुष्य या विधानाच्या कसोटीसाठी घेण्यासारखे आहे. त्यांचा जन्म १५ जुलै १९०४ चा, दक्षिण गोव्यातल्या सांगे भागात कुर्डी गावी, कलावंत समाजात. मुलीने गायिका व्हावे हा ध्यास आईचा, जयश्रीबाईंचा. त्यांनी तिला आधी जांबावलीच्या देवळात एका हरिदासाकडे बसवले आणि मग फिरत्या नाटक मंडळीत घातले. मुलगी दहा वर्षांची असेल-नसेल तेव्हा आई गेली. नाटक मंडळी बुडाली. पुढे सातारकर स्त्री संगीत मंडळीत ‘सौभद्रा’तल्या सुभद्रेसारख्या भूमिका केल्या, चिंतुबुवा गुरवांकडे गाण्याचे धडे घेतले, तेही ठिकाण सुटले. आजारपणात मावशीने उपचारासाठी सांगलीला आणले. तिथे शेजारून जाता-येता जयपूर-अत्रौली घराण्याच्या अल्लादिया खाँसाहेबांनी या मुलीचा रियाज ऐकला आणि आपण होऊन शिकवायला सुरुवात केली, असे सांगतात. खाँसाहेब मुंबईला गेले तेव्हा मोगूबाईही मागोमाग मुंबईला आल्या, १९२२ च्या आसपास. पण श्रीमंत आश्रयदात्यांच्या अटींमुळे तीही तालीम तुटली. मधल्या वर्षांत आग्रा घराण्याच्या बशीर खाँ आणि विलायत हुसेन खाँ यांच्याकडे, नंतर अल्लादिया खाँसाहेबांचे धाकटे बंधू हैदर खाँ यांच्याकडे शिकणे झाले, आणि अखेर १९३४ च्या सुमारास खाँसाहेबांचा गंडा, म्हणजे शिष्यत्वाचा दोरा, रीतसर बांधला गेला. खाँसाहेब १९४६ साली गेले तोवर ही तालीम चालली. म्हणजे गाव, आई, कंपनी, गुरू असे जे जे हाती आले ते ते सुटत गेले, आणि तरी एक गोष्ट सोडली नाही. ज्या १९३४ साली हा गंडा बांधला गेल्याचे सांगतात, त्याच साली मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा झाला. गोव्याला तो लागू नव्हता, हे खरे. पण मुंबईत येऊन राहिलेल्या कलावंत समाजाच्या कानांवर तो पडल्याशिवाय राहिला नसेल.

या कहाणीकडे पाहण्याची आपल्याकडची रूढ दृष्टी अशी, की संगीत मुळात देवाघरचे. ते आधी राजाच्या दारी गेले, मग गणिकेच्या माडीवर, आणि शेवटी बाजारात. प्रत्येक पायरी उतरणीची. पलुस्करांचे सगळे कार्य या चित्रावर उभे आहे, आणि त्यांच्या कार्याची थोरवी नाकारणारा मी कोण? कुरुंदवाडचा, लहानपणी फटाक्याने दृष्टी अधू झालेला हा मुलगा मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकला, १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईला आणले. गवयाला पानाच्या पिचकारीशेजारी बसवणाऱ्या समाजाला त्याने गवयापुढे उठून उभे राहायला लावले. मुंबईच्या विद्यालयाचा डोलारा कर्जाखाली कोसळला तेव्हा नाशिकच्या आश्रमाने आणि रामनामाने त्यांना आधार दिला. तथापि त्यांच्या उपायाची एक बाजू नजरेआड करता येत नाही. त्यांनी शृंगारिक बंदिशींचे शब्द बदलून त्या जागी भक्तिपर शब्द घातले, आणि ‘घरंदाज’ बायका-मुलींसाठी गाण्याचे दार उघडले. पण गाणे ज्यांनी तोवर जिवंत ठेवले होते त्या बायका या शुद्धीकरणात शिष्या म्हणून नव्हे, डाग म्हणून धरल्या गेल्या. इतिहासकार जानकी बखले यांनी पलुस्कर आणि भातखंडे यांच्यावर लिहिताना या धार्मिक वळणाची किंमत कोणी मोजली, हे नेमके दाखवले आहे. पुढे १९४६ नंतर, सरदार पटेलांकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खासगी आयुष्य ‘निंद्य’ अशा गायिकांना आकाशवाणीची दारे बंद झाली. काळारामाच्या दाराशी जन्म विचारला जात होता. इथेही वेगळे काही विचारले जात नव्हते.

उतरणीच्या या चित्रात एक गृहीत दडलेले आहे: पावित्र्य जागेत असते, जागा सुटली की ते सुटते. गोव्याचा इतिहास या गृहीताला सरळ छेद देतो, आणि तो देवांच्याच बाबतीत देतो. मंगेश मुळात कुशस्थळीचा, शांतादुर्गा केळशीची. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी देवळे पाडायला सुरुवात केली तेव्हा भक्तांनी मूर्ती उचलल्या आणि नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीज अमलाबाहेर असलेल्या प्रियोळ आणि कवळे या गावी नेऊन ठेवल्या. आज आपण ज्या मंगेशीला जातो ते एका स्थलांतरित देवाचे घर आहे. मोगूबाईंच्या कुर्डीचीही तीच गत. साळावली धरणाच्या पाण्याखाली १९८० च्या दशकात गाव गेले, माणसे वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. कुर्डीतले महादेवाचे प्राचीन देऊळ मात्र एकेक दगड सोडवून दुसरीकडे नेऊन पुन्हा उभारले गेले. कुशस्थळी सुटली म्हणून मंगेशाचे देवत्व उणावले, असे कोणी म्हटल्याचे ऐकिवात नाही. देव गाव सोडतो तेव्हा त्याला आपण रक्षण म्हणतो, आणि त्याच्यासमोर गाणारी बाई गाव सोडते तेव्हा तिला अधःपात म्हणतो. हा भेद धर्मशास्त्रातून आलेला नाही. तो ती सेवा कोणाच्या सोयीची होती यातून आला आहे.

ती सेवा काय होती, हे भावुकपणा बाजूला ठेवून पाहिले पाहिजे. कलावंत, भाविणी, देवळी अशा उतरंडीत विभागलेले हे लोक देवस्थानाशी जन्माने बांधलेले असत. कोणी गायचे-नाचायचे, कोणी दिवे-समया करायच्या, झाडलोट करायची. बदल्यात वतनाचा तुकडा किंवा उत्पन्नातला वाटा. शेंस विधीने मुलगी देवाच्या नावे होई, आणि देवाच्या नावे झालेली मुलगी व्यवहारात गावच्या धनिकांच्या कृपेवर राही. राजाराम पैंगीणकरांनी ‘मी कोण?’ या आत्मकथनात या जिण्याचे आतून वर्णन केले आहे. आपल्या समाजाला संघटित करून या जोखडातून सोडवण्यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. अशा सेवेला अर्पण म्हणता येईल का? अर्पण म्हणजे देणे, आणि जे न देण्याची मुभाच नाही ते देणे नसते. ती वसुली असते. पूजेच्या आरंभी यजमान संकल्प सोडतो तो उगाच नाही. देश, काळ, गोत्र, नाव उच्चारून ‘हे मी करतो आहे’ असे म्हटल्याशिवाय आपल्याकडे साधी सत्यनारायणाची पूजासुद्धा सुरू होत नाही. करणारा स्वतःहून पुढे आला पाहिजे, ही अट कर्मकांडानेच घातलेली आहे. देवळातल्या कलावंतिणीला तो संकल्प सोडण्याचा अधिकार कधी नव्हता. तिच्या वतीने तो तिच्या जन्माने सोडलेला असे. मग मुंबईत खेतवाडीतल्या खोलीत तंबोरा लावून बसलेली मोगूबाई, जिला आता कोणी गायला भाग पाडत नाही, किंबहुना जिचे गाणे बंद पडावे अशीच सगळी परिस्थिती आहे, ती जेव्हा षड्ज लावते तेव्हा तो पहिला स्वाधीन षड्ज असतो. देवळात राहिलेल्या प्रत्येकीची भक्ती खोटी होती, असे मी म्हणत नाही. साखळीतही माणसे मनापासून प्रेम करतात. पण ते प्रेम साखळीचा पुरावा ठरवून साखळीला पवित्र म्हणणे हे वेगळे.

आता शास्त्राकडे वळू, कारण रूढ दृष्टी शास्त्राचा हवाला देते. देवगिरीला तेराव्या शतकात यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव होता. त्याचे आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आलेले. तोही स्थलांतरितांचाच वंश. शार्ङ्गदेव पेशाने राज्याच्या हिशेबखात्याचा अधिकारी, ही गोष्ट संगीताला व्यवहारापासून सोवळे ठेवू पाहणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. त्याच्या ‘संगीतरत्नाकरा’त अनाहत आणि आहत अशा दोन नादांचा विचार आहे. अनाहत नाद योग्यांचा, मुक्ती देणारा. पण त्यात रंजकता नाही, म्हणून सामान्य माणसाचे मन त्यात रमत नाही. यासाठी आपण आहत नादाचे, म्हणजे गळ्यातून नि तारेतून निघणाऱ्या नादाचे विवेचन करतो आहोत, असे तो सांगतो, आणि या नादाला एकाच दमात दोन कामे लावतो: लोकांचे रंजन आणि भवबंधाचा भंग. दोन वेगळ्या संगीतांना दोन वेगळी कामे त्याने वाटून दिलेली नाहीत. ज्या स्वराने समोरचा रंगतो तोच स्वर बंधही तोडतो. याज्ञवल्क्य स्मृतीही वीणावादन जाणणाऱ्याला, श्रुती-जाती-तालाच्या ज्ञात्याला, मोक्षाची वाट अनायास सापडते असे म्हणते, आणि तिथेही अट ज्ञानाची आहे; वादक कुठे बसला होता, कोणाच्या पोटी जन्मला होता, हे विचारलेले नाही. तेव्हा रंजन करणारे गाणे खालच्या पायरीचे आणि देवळातले वरच्या, ही विभागणी निदान या दोन ग्रंथांच्या माथी मारता येत नाही.

यावर सर्वांत जड आक्षेप असा. पैसे घेऊन, निमंत्रणावरून, टाळ्यांच्या सोबतीने गायलेले गाणेही उपासना म्हणायचे, तर मग कोणते कौशल्य उपासना नव्हे? सुतारकाम, शिंपीकाम, हिशेबनीस असणे, सगळेच उपासना ठरेल आणि शब्दात काही अर्थ उरणार नाही. पैशाचा मुद्दा आधी निकालात काढू. देवळानेही मोबदला दिलाच होता, फक्त जमिनीच्या रूपात दिला होता. दक्षिणा घेतल्याने पुजाऱ्याचा मंत्र बाटत नसेल तर गायिकेच्या बिदागीने तिचा स्वर बाटायचे कारण नाही. दुसरा भाग मात्र गंभीर आहे, आणि ‘कर्म हीच पूजा’ असे सैलपणे म्हणून तो सुटत नाही. सावता माळ्याच्या मळ्याला आणि जनाबाईच्या जात्याला वारकरी परंपरेने उपासना म्हटले ते प्रत्येक मळ्याला आणि प्रत्येक जात्याला म्हटलेले नाही. काहीतरी निकष हवा. माझ्या मते तो असा: करणारा स्वतःपेक्षा मोठ्या, स्वतःच्या मर्जीने न बदलणाऱ्या गोष्टीच्या शासनाखाली जातो का, आणि त्या शासनासाठी तो आपला फायदा सोडायला तयार आहे का. जयपूर-अत्रौली गायकीत हे शासन अगदी उघडपणे दिसते. बसंती केदार, खोकर, खट, नट कामोद, बिहागडा यांसारखे अनवट आणि जोड राग या घराण्याने जपले. ते श्रोत्याला सहज ओळखू येत नाहीत, टाळी लवकर मिळवून देत नाहीत. मध्यविलंबित तीनतालात आकाराने चालणारी बढत, एका श्वासात गुंफलेली वळणे, समेवर येताना क्षणाचीही सैलता नाही. मोगूबाई लयकारीसाठी नावाजल्या गेल्या ती लय दाखवायची लय नव्हती. तबल्याशी झुंज मांडून सभागृह जिंकणे त्यांना सहज जमले असते, पण लय त्यांच्याकडे रागाच्या पोटात राहिली. ख्यालाची बंदिश दोन-चार ओळींची असते. तिच्यावर उभे राहणारे तासाभराचे बांधकाम गाणारी त्या क्षणी रचत असते, आणि तरी त्यातला एकही स्वर तिच्या मालकीचा नसतो. रचनाकार असूनही मालक नसणे, ही स्थिती मला उपासनेच्या फार जवळची वाटते.

या शासनाचा वारसाही पाहण्यासारखा आहे. अल्लादिया खाँसाहेब श्रद्धावान मुसलमान. आणि आपल्या घराण्याची परंपरा ते नाथ विश्वंभर या शांडिल्य गोत्री पूर्वजापासून, स्वामी हरिदासांच्या नात्याने सांगत. वंशावळीची ऐतिहासिक चिकित्सा बाजूला ठेवली तरी ती सांगावीशी वाटणे हाच पुरावा आहे. गोव्याच्या हिंदू देवळांच्या सावलीत वाढलेल्या समाजातली मुलगी मुंबईत एका मुस्लिम उस्तादाचा गंडा बांधते. गूळ-चणे, दोरा, शिरणी या त्या विधीच्या साध्या गोष्टींत कोणाचाच देव सांगितलेला नसतो, आणि विधी मात्र पुरा असतो. पलुस्करपंथी म्हणेल, इथेच तर अडते: नामाशिवाय भक्ती कसली? रामनाम आहे म्हणून पंचवटीच्या आश्रमातले गाणे भक्तीचे. सासू-नणंदेच्या गाऱ्हाण्याची बंदिश आकारात विरघळवून गाणारीला देवाचे नाव कुठे सापडायचे? नामाची थोरवी मला मान्य आहे. पण ती मान्य केल्यावरही शब्द बदलल्याने गाणे पवित्र होते, हे सिद्ध होत नाही. फक्त पद भक्तीचे झाले, एवढे सिद्ध होते. ‘राम’ या शब्दावर बेसूर तान घेणाऱ्याला आपण भक्त म्हणू शकू, पण ती तान उपासना झाली असे संगीताच्या अंगाने म्हणू शकणार नाही. उलट नणंदेची तक्रार करणाऱ्या शब्दांवर गंधार अचूक लागला, तर त्या क्षणी शब्द मागे पडून दुसरेच काही समोर उभे राहते, हा अनुभव नाकारायला ऐकणाऱ्याला बराच हट्ट करावा लागेल.

दुसऱ्या बाजूचा आक्षेप मला अधिक जवळचा, म्हणून अधिक अवघड. देवाच्या नावाने ज्या समाजाला पिढ्यान्पिढ्या जखडले, त्यातून सुटलेल्या बाईच्या गाण्याला पुन्हा उपासना म्हणणे म्हणजे तुटलेली साखळी तिच्या गळ्यात माळ म्हणून घालणे नव्हे काय? तिला कलावती म्हणा, व्यावसायिक म्हणा, नागरिक म्हणा. देव आता पुरे. इथे काळारामाच्या सत्याग्रहाची एक बाब उपयोगी पडते. आंबेडकरांनी १९३४ साली आपले सहकारी भाऊराव गायकवाड यांना लिहिलेल्या पत्रात स्पष्ट केले होते, की अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे म्हणून आपण मंदिरप्रवेशाची चळवळ सुरू केली नाही. माणसे जागी व्हावीत, आपली स्थिती त्यांना कळावी, यासाठी केली. दुसऱ्याच वर्षी, नाशिक जिल्ह्यातच येवल्याला, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. दाराचा प्रश्न हा देवाचा प्रश्न नव्हता, दारावर कोणाची सत्ता याचा होता. कलावंत स्त्रियांच्या बाहेर पडण्यालाही मी तसाच वाचतो. त्यांनी देव सोडला की धरला, हे ठरवण्याचा अधिकार ना देवस्थानाला आहे, ना सुधारकाला, ना माझ्यासारख्या लेखकाला. म्हणून मोगूबाई भक्त होत्या असे प्रमाणपत्र मी देत नाही. माझा दावा त्यांच्या मनाबद्दल नाही, गाण्याच्या रचनेबद्दल आहे: देवळाबाहेरच्या त्यांच्या गाण्यात उपासनेच्या अटी पुऱ्या होतात, देवळातल्या सक्तीच्या सेवेत त्या होत नव्हत्या. पाहणाऱ्याने त्याला उपासना म्हणायचे नसेल तर न म्हणावे. पण मग देवळातल्या सेवेलाही तो शब्द वापरू नये.

मोगूबाईंनी हा शब्द आपल्या गाण्यासाठी फारसा मिरवला नसावा. त्यांच्या लेकीने तो ठासून वापरला. किशोरी आमोणकर, जन्म मुंबईचा. पदरी तीन मुले आणि पती अकाली गेलेले, अशा स्थितीत आई बाहेरगावी गायला जाई, तिसऱ्या वर्गाने प्रवास करी; आयोजक तिला कसे वागवत, हे किशोरीताईंनी मुलाखतींत पुन्हा पुन्हा सांगितले आहे. पुढे मैफलीत कुजबूज झाली तरी गाणे थांबवणारी, संगीत म्हणजे करमणूक नव्हे हे श्रोत्यांना तोंडावर सुनावणारी किशोरी त्या अपमानांतून घडली. तिने आईच्या घराण्याची चौकट मोडली, असा जुन्या रसिकांचा आरोप. जयपूरच्या घट्ट विणीत तिने संथ आलाप आणला, अंजनीबाई मालपेकरांकडून घेतलेली मींड आणली, भावाला मोकळे सोडले. इथे माझ्या निकषाची परीक्षा होते, कारण शासन मानणे ही उपासनेची खूण, तर शासन मोडणारी लेक नापास व्हायला हवी. पण तिने कोणते शासन मोडले? घराण्याचे, रागाचे नव्हे. उलट रागापायी घराणे बाजूला ठेवले. भूपातली तिची ‘सहेला रे’ ही बंदिश याचा चांगला पुरावा आहे. भूपात पाचच स्वर. तेच पाच स्वर देशकारातही. फरक आहे तो कोणत्या स्वराला घर मानायचे, कुठे रेंगाळायचे, कुठून फक्त जायचे यात: भूपाचा जीव गंधारात, देशकाराचा धैवतात. बंदिश रचणाऱ्याला नवा स्वर निर्माण करता येत नाही. असलेल्या पाचांत भूप कुठे बसतो, हे तिने ओळखायचे असते. ‘सहेला रे’ गाताना भूप देशकाराकडे क्षणभरही कलत नाही. विधिनिषेध इतका काटेकोर पाळून इतके मोकळे वाटावे, हे बंडखोराचे काम नाही. ‘स्वरार्थरमणी’ या ग्रंथात तिने रागरसाचा जो सिद्धान्त मांडला, तो या अनुभवाचाच शास्त्रार्थ आहे: स्वरांची भाषा स्वतंत्र आहे, राग म्हणजे भावाचे एक वातावरण, आणि गाणाऱ्याने ‘मी’ बाजूला ठेवून त्यात शिरायचे.

इथवर मी किशोरीताईंच्या सोबत आहे. या सिद्धान्ताच्या पुढच्या टोकाला मात्र नाही. राग हा शुद्ध भाव, गाणारी केवळ त्याचे माध्यम, असे म्हणत गेले की गाणारीचा इतिहास पुसला जातो; आणि तो पुसला जाणे पलुस्करांच्या काळापासून अनेकांच्या सोयीचे ठरले आहे. बुडालेली कंपनी, तुटलेली तालीम, दहा-बारा वर्षे एका गुरूची वाट पाहणे, दुसऱ्या घराण्याच्या उस्तादांकडे बसून आपल्या गाण्याचा गाभा न सोडणे, हे सगळे मोगूबाईंच्या त्या करकरीत, उधळमाधळ नसलेल्या लयीत उतरलेच नाही, असे मानायला मी तयार नाही. नाशिक-पुण्या-मुंबईच्या सभागृहांत आज ख्याल ऐकायला बसणारा मध्यमवर्ग हेच गाणे आपला ‘सात्त्विक’ वारसा म्हणून सांगतो, आणि तो ज्यांच्याकडून मिळाला त्यांची आडनावे उच्चारताना त्यामागचा समाज गाळतो. गायनसभेला स्वतःचा उंबरा तयार झाला आहे, त्यावर स्वतःचे द्वारपाल आहेत; घरंदाजपणाची जुनी अट तिथे ‘अभिरुची’ या नावाने विचारली जाते. कुजबुजणाऱ्यांना गप्प करण्याचा किशोरीताईंचा हट्ट मला पूर्ण समर्थनीय वाटतो. पण त्या शांततेत ऐकणाऱ्याने आईचे तिसऱ्या वर्गाचे तिकीट विसरावे, असे तिच्या सिद्धान्तातून निघत असेल, तर तिथे तिच्याच मुलाखती तिच्या सिद्धान्ताला उत्तर देतात.